पंचवीस हजार नोकऱ्या आणि नष्ट झालेल्या उत्तरपत्रिका

आजची गोष्ट बंगालची आहे, पण सुरुवात परभणीपासून करतो.

माझी मावसबहीण डी.एड. झालीय. टीईटी पास, टेटही दिलेली, आणि तेव्हापासून पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात अशी एक ताई किंवा दादा असेलच. एप्रिल २०२५ मध्ये एका रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, बंगालमध्ये पंचवीस हजार मास्तरांना एका दिवसात घरी पाठवलं म्हणे. त्यातले जे खरंच अभ्यास करून लागले होते, त्यांचं काय रे? त्यांनी काय केलं होतं?"

मी "बघून सांगतो" असं उत्तर पाठवलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, दहा मिनिटांत वाचून होईल. काही आठवडे गेले. आणि तिच्या त्या साध्या प्रश्नावर आधी माझं जे मत होतं, ते वाचता वाचता दोनदा बदललं.

तर आधी जरा मागे जाऊ. बंगालमध्ये १९९७ पर्यंत सरकारी मदतीच्या शाळांमध्ये शिक्षक कोण नेमायचं? शाळेची व्यवस्थापन समिती. आपल्याकडे "संस्थेत लागला" म्हटलं की ऐकणारा हळूच विचारतो ना, "किती दिले?", तसंच थोडंफार तिथेही. ओळख, पक्ष, पैसा, सगळं चालायचं. म्हणून डाव्या आघाडीच्या सरकारने १९९७ मध्ये कायदा करून स्कूल सर्व्हिस कमिशन काढलं. एक परीक्षा, गुणांप्रमाणे यादी, यादीप्रमाणे नेमणूक. १९९८ मध्ये पहिली परीक्षा झाली. शेतमजुराचा, रिक्षावाल्याचा पोरगा कोणाच्या दारात न जाता मास्तर होऊ शकतो, ही गोष्ट बंगालच्या खेड्यांत यामुळेच शक्य झाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे मोडलं ते हे.

आता २०१६. कमिशनने नववी-दहावीचे शिक्षक, अकरावी-बारावीचे शिक्षक, आणि शाळेतले क्लार्क व शिपाई, म्हणजे ग्रुप सी आणि ग्रुप डी, अशा चार गटांसाठी भरती काढली. जागा साधारण २४,६४०. परीक्षा देणारे जवळपास २३ लाख. म्हणजे एका जागेमागे नव्वदच्या वर माणसं. उत्तरपत्रिका ओएमआर, तीच आपली गोळे काळे करायची. कमिशन शिफारस करणार आणि माध्यमिक शिक्षण मंडळ नेमणुकीचं पत्र देणार, अशी पद्धत.

निकाल लागले, याद्या लागल्या, आणि कुरबुर सुरू झाली. यादीत नाव दिसतं पण गुण दिसत नाहीत. आपल्या खालचा नंबर आधी लागला. यादीची मुदत संपली तरी कोणीतरी रुजू होतंय. २०१९ मध्ये कोलकात्यात प्रेस क्लबसमोर उमेदवारांनी २९ दिवस उपोषण केलं. मुख्यमंत्री ममता बॅनर्जी स्वतः तिथे आल्या, आश्वासन मिळालं, उपोषण सुटलं. प्रश्न सुटला नाही. मग धरणं सुरू झालं, मेयो रोडवर गांधीजींच्या पुतळ्यापाशी. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला हजार दिवस झाले, तेव्हा एका उमेदवार बाईने तिथेच डोक्यावरचे केस काढून टाकले. तो व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मी पाहिला होता, आणि खरं सांगतो, काय प्रकरण आहे ते न बघताच पुढे स्क्रोल केलं होतं.

या सगळ्या गर्दीतून एकच नोकरी बाजूला काढून सांगतो. पंचवीस हजारांचा आकडा डोक्यात बसत नाही, एक नोकरी बसते.

कूचबिहार जिल्ह्यात मेखलीगंज नावाचं गाव आहे, पार वर, बांगलादेशच्या सीमेला लागून. तिथल्या मुलींच्या शाळेत राज्यशास्त्राची जागा. सिलिगुडीची एक बाई प्रतीक्षा यादीत विसाव्या नंबरवर होती. एक दिवस ती बघते तर नंबर एकविसावा. वर कोण आलं? यादीत थेट पहिल्या नंबरवर एक नवीन नाव. हे नाव परेश अधिकारी यांच्या मुलीचं. अधिकारी आधी डाव्या सरकारात मंत्री होते आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तृणमूलमध्ये आले होते. पुढे २०२१ मध्ये ते राज्याचे शिक्षण राज्यमंत्री झाले. गंमत बघा, शिक्षण खात्याचेच.

सिलिगुडीची बाई गप्प बसली नाही. कोर्टात गेली. तिथे कळलं की तिला ७७ गुण आहेत आणि मंत्र्यांच्या मुलीला ६१. मे २०२२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी मंत्र्यांच्या मुलीची नोकरी काढली आणि ४१ महिन्यांचा पगार दोन हप्त्यांत परत करायला लावला. ती जागा आणि तो पगार, दोन्ही सिलिगुडीच्या बाईला मिळाले. सगळ्या बंगालने टाळ्या वाजवल्या. सिनेमा असता तर इथे संपला असता.

पण वर्षभरातच आणखी एक उमेदवार कोर्टात आली. तीसुद्धा सिलिगुडीचीच. ती म्हणाली, या बाईंच्या पदवीच्या गुणांत घोळ आहे. ८०० पैकी ४४० गुण, म्हणजे ५५ टक्के, पण अर्जात ६० टक्के धरलेत. त्यामुळे शैक्षणिक पात्रतेचे दोन गुण जास्त मिळाले. दोन! ते काढले तर त्या जागेवर हक्क माझा. कोर्टाने तपासलं, बरोबर निघालं. मे २०२३ मध्ये जिने लढून नोकरी मिळवली होती तिची नोकरी गेली, आणि जवळपास १६ लाख रुपये तिसरीच्या हाती द्यायचा आदेश झाला.

मला हा भाग सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. या बाईने पैसे चारले नव्हते, ओळख लावली नव्हती. अर्जातली टक्केवारी चुकली आणि ती छाननीत कोणाला दिसली नाही. पण गुणवत्तेचा नियम म्हटलं की तो मंत्र्यांच्या मुलीला आणि तिच्याशी लढणाऱ्या बाईला एकच लागतो. लागायलाच हवा. तरी वाईट वाटतं.

आणि तिसरी? तिचंही सांगतो, पण थोडं थांबा.

दरम्यान मोठं प्रकरण फुटलं होतं. निवृत्त न्यायमूर्ती रणजितकुमार बाग यांच्या समितीने सांगितलं की ग्रुप सी मध्ये ३८१ आणि ग्रुप डी मध्ये ६०९ नेमणुका बेकायदा आहेत. सीबीआय आली, ईडी आली. जुलै २०२२ मध्ये २०१४ ते २०२१ या काळात शिक्षणमंत्री राहिलेले पार्थ चॅटर्जी यांना अटक झाली. त्यांच्या निकटवर्तीय अर्पिता मुखर्जी यांच्या दोन फ्लॅटमधून सुमारे ५० कोटींची रोकड निघाली. नोटांचे ते ढीग तुम्ही मीमपर्यंत पाहिलेत, त्यामुळे मी त्यावर वेळ घालवत नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची वस्तू नोटांचा ढीग नव्हतीच. ती होती तीन हार्ड डिस्क.

नीट ऐका, इथेच ताईच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ओएमआर तपासायचं काम कमिशनने नोएडाच्या एका कंपनीला दिलं होतं. त्या कंपनीने स्कॅनिंग आणखी एका कंपनीकडून करून घेतलं. स्कॅन झाल्यावर मूळ कागद नष्ट केले गेले. ठीक आहे, कागद कधी ना कधी जातातच. पण मग स्कॅन केलेली प्रत कमिशनकडे असायला हवी ना? नव्हती. २३ लाख लोकांच्या परीक्षेची स्वतःची प्रत परीक्षा घेणाऱ्याकडेच नाही! आपण दहावीची मार्कशीट लॅमिनेट करून आईच्या कपाटात ठेवतो, आणि इथे एका राज्याचं कमिशन म्हणतंय की आमच्याकडे काही नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये सीबीआयला गाझियाबादमध्ये, त्या कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याकडे, तीन हार्ड डिस्क सापडल्या. त्यात स्कॅन होते. त्या आणि कमिशनचा सर्व्हर शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा काही नावांसमोर स्कॅनमध्ये शून्य किंवा एक-दोन गुण आणि सर्व्हरवर पन्नासच्या आसपास. काहींनी तर उत्तरपत्रिका कोरी ठेवलेली. कोरीच ठेवायची, नंतर कोणीतरी भरतं, हा तो मामला.

यादरम्यान सरकारने काय केलं, तर मे २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ६,८६१ जादा पदं मंजूर केली. म्हणजे चुकीच्या माणसाला उठवण्यापेक्षा बाकडंच लांब करा. वंचितांना सामावून घ्यायचंय, असं सरकारचं म्हणणं. उच्च न्यायालयाला त्यात वेगळा वास आला आणि त्याने यावरही सीबीआय लावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने पदांबाबतची ती चौकशी रद्द केली.

न्यायमूर्ती गंगोपाध्याय यांच्याबद्दलही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल. धरण्यावरच्या पोरांसाठी ते हिरो होते. पण प्रकरण चालू असताना त्यांनी टीव्हीला मुलाखत दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, भाजपमध्ये गेले आणि तमलुकमधून खासदार झाले. त्यांचे निकाल चूक होते असं मी म्हणत नाही, पुराव्यांनी त्यातलं बरंच पुढे टिकलं. पण ज्यांची नोकरी गेली त्यांना "हे सगळं राजकारणच होतं" म्हणायला त्यांनी आयती जागा करून दिली, हे मात्र खरं.

म्हणून पुढचा निकाल महत्त्वाचा. २२ एप्रिल २०२४. उच्च न्यायालयाचं वेगळं खंडपीठ, न्यायमूर्ती देबांग्सू बसाक आणि न्यायमूर्ती मोहम्मद शब्बर रशिदी. त्यांनी सगळी भरतीच रद्द केली. २५,७५३ नेमणुका. जागा काढल्या होत्या २४,६४०, नेमणुका त्याहून जास्त, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. यादीबाहेरून आलेले, मुदत संपल्यावर आलेले, कोरी उत्तरपत्रिका देऊन आलेले, यांनी पगार १२ टक्के व्याजाने परत करायचा.

प्रकरण दिल्लीला गेलं. आणि इथे जो वाद झाला तो कायद्याच्या पुस्तकाबाहेरही समजून घेण्यासारखा आहे. ज्यांच्याविरुद्ध काहीच सापडलं नव्हतं ते शिक्षक म्हणाले, आमचा गुन्हा दाखवा. नाही ना? मग आम्हाला का काढता? चोर वेगळे काढा, आम्हाला राहू द्या. राज्य सरकार आणि कमिशनही म्हणाले, वेगळं काढता येईल. समोरचे म्हणाले, कशाच्या आधारावर? मूळ कागद नाहीत. कमिशनकडे प्रत नाही. हार्ड डिस्कमध्ये जे सापडलं ते चोर दाखवतं, पण जे सापडलं नाही ते साव आहेत हे कसं ठरवायचं?

ऐकताना मी शिक्षकांच्या बाजूचा होतो. गुन्हा सिद्ध करणं सरकारचं काम, माझं निर्दोषत्व मी का सिद्ध करू? बरोबरच वाटतं की नाही?

मग मला नीट आठवली २०२४ ची नीट. तिथेही परीक्षा देणारे सुमारे २३ लाखच. पेपर फुटला होता हे न्यायालयाने मान्य केलं, हजारीबाग आणि पाटण्यात फुटला होता. तरी सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली नाही. का? कारण फायदा कोणाला झाला ते शोधून वेगळं काढता येतंय आणि घोळ सगळीकडे पसरल्याचा पुरावा नाही, असं त्याला दिसलं. म्हणजे प्रश्न चोरी किती मोठी होती एवढाच नसतो. धान्यातले खडे निवडता येतात का, हाही असतो. नीटच्या वेळी चाळणी शिल्लक होती. बंगालमध्ये चाळणीच जाळून टाकली होती.

३ एप्रिल २०२५, गुरुवार. सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती संजय कुमार यांनी सांगितलं की फसवणूक आणि वर ती झाकायचा प्रयत्न, यामुळे ही निवड दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे. भरती रद्द. दोषी आढळलेल्यांनी पगार परत करायचा. ज्यांच्यावर ठपका नाही त्यांनी परत करायचा नाही, पण नोकरी त्यांचीही गेली. त्यांना नव्या परीक्षेत वयाची सूट. आधी दुसऱ्या सरकारी खात्यात होते त्यांना जुन्या जागी परत जायला अर्ज करायची मुभा. दिव्यांग शिक्षकांना नवी भरती होईपर्यंत राहू दिलं. आणि कर्करोगाशी झगडणाऱ्या एका शिक्षिकेची नोकरी माणुसकी म्हणून उच्च न्यायालयाने ठेवली होती, ती तशीच राहिली.

आता ती तिसरी. सिलिगुडीची, जिने दोन गुणांवरून केस जिंकली होती. तिची नेमणूकही याच २०१६ च्या भरतीतली. गेली. एका नोकरीच्या तीन हकदार, तिघींच्या हातातून तीन वेगवेगळ्या कारणांनी गेली. पहिलीच्या मागे सत्ता होती, दुसरीच्या अर्जात चूक होती, आणि तिसरीचं तर काहीच चुकलं नव्हतं.

ताईचा प्रश्न हा तिसरीबद्दलचा होता.

निकालानंतरचे दिवस भयंकर होते. शाळांमध्ये अचानक विज्ञान शिकवायला कोणी नाही. परीक्षा चालू, पेपर तपासायचे तसेच पडलेले. कोलकात्यात कसबा भागातल्या शिक्षण कार्यालयाबाहेर एका पोलिसाने आंदोलक शिक्षकाला लाथ मारली, ते चित्र देशभर फिरलं. सात-सात वर्षं नोकरी केलेली माणसं ही. घराचं कर्ज घेतलेली, लग्न झालेली. पोरं त्यांना "सर" म्हणतात आणि बाहेर लोक विचारतात, "तुम्ही पैसे देऊन लागलेले की खरे?" हा प्रश्न रोज ऐकायचा.

१७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून ठपका नसलेल्या नववी ते बारावीच्या शिक्षकांना २०२५ च्या अखेरपर्यंत शिकवायची परवानगी दिली. क्लार्क आणि शिपायांना नाही. त्यांच्या गटात घोळ जास्त होता, असं कारण. त्यांच्यातही खरे होतेच की. पण त्यांची बातमी फारशी झाली नाही, आणि हेही आपण बघून ठेवावं.

न्यायालयाच्या आदेशावरून ऑगस्ट २०२५ मध्ये कमिशनने शेवटी दोषी शिक्षकांची यादी जाहीर केली, १,८०० हून जास्त नावांची. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं "नावं सांगा, म्हणजे आम्ही सुटू" असा टाहो फोडला, त्यांची नोकरी गेल्यावर पाच महिन्यांनी ही नावं आली. इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. कोर्टावरचा माझा राग कमिशनकडे गेला. न्यायालयाने ज्या कागदांवर निवाडा करायचा ते कागद ज्यांनी घालवले, त्यांनी प्रामाणिक माणसाची गुणवत्ताच पुसून टाकली. चोराला चोरी लपवायची असते, म्हणून तो कागद जाळतो. पण त्याच आगीत शेजारच्याचा कागदही जळतो, आणि गरज खरी त्याला असते.

आपल्याकडे हे होत नाही असं समजू नका. २०१९-२० च्या टीईटीचा घोटाळा आठवतोय ना? डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक केली होती, आणि पुढे ७,८०० हून जास्त उमेदवार बाद ठरले. फरक एवढाच की तिथे नावं वेगळी काढता आली, म्हणून बाकीच्यांचा निकाल वाचला.

सप्टेंबर २०२५ मध्ये, नऊ वर्षांनी, बंगालमध्ये पुन्हा परीक्षा झाली. ७ तारखेला नववी-दहावीसाठी, १४ ला अकरावी-बारावीसाठी. जागा ३५,७२६. वर्गात सात वर्षं फळ्यासमोर उभे राहिलेले सर आणि मॅडम त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसून गोळे काळे करत होते. नव्या नियमात अनुभवाला १० गुण ठेवले. लगेच नवीन उमेदवार म्हणाले, हा आमच्यावर अन्याय, आम्हाला अनुभव आणायचा कुठून? आणि तेही कोर्टात गेले. दोघांचंही चूक म्हणवत नाही मला.

या वेळी उत्तरपत्रिकेला कार्बन कॉपी होती. परीक्षा संपल्यावर प्रत्येकाने आपली प्रत घरी न्यायची. आणि स्कॅन दहा वर्षं जपायचे, असा नियम केलाय.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, आमची टेट ऑनलाइन होती रे. कार्बन बिर्बन काही नाही." मी विचारलं, मग तुझ्याकडे काय आहे? म्हणाली, "गुणपत्रकाचा स्क्रीनशॉट. थांब, आत्ता ड्राइव्हवर टाकते. आणि एक प्रिंट काढून आईच्या पेटीत ठेवते."

भेटू पुढच्या भागात.